मुदत संपल्यानंतरची दवंडी

पणजीच्या एका भाषांतर कंपनीत मी कोशाचं काम करते. सरकारांनी लोकांसाठी खुले केलेले कागद घ्यायचे आणि त्यांतले इंग्रजी-पोर्तुगीज शब्द जुळवायचे. भिंतीवर लावलेल्या जाहीर नोटिशीला पोर्तुगीजमध्ये ‘एदिताल’ म्हणतात, हे मी एकदा फोनवर बाबांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. बाबा ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावचे निवृत्त कोतवाल. सरकारी कागद आला की डफडं वाजवत तो गावभर ओरडून सांगायचा, यात त्यांचा जन्म गेला.

“बरं हाय. पन त्याची दवंडी कोन देते वं?”

“आता दवंडी नाई राहत, बाबा. वेबसाइटवर टाकतेत. कोनीबी वाचू शकते.”

“आपल्या गावात कोन वाचते?”

मी हसले होते.

पुढं आमच्या तलावाच्या मासेमारीचा ठेका निघाला. नोटीस वेबसाइटवर होती, इंग्रजीत, अगदी नियमाला धरून. गावाला कळलं ते बाहेरच्या ठेकेदाराची माणसं जाळी घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उतरली तेव्हा. माझ्या मावशीचं घर त्याच तलावावर चालायचं. तिचा फोन आला, “तू तं हेच काम करतेस ना? मंग आमचा कागद तुले काऊन नाई दिसला?”

मला लिस्बनचे कागद दिसत होते.

मी गावी गेले, नोटीस मोबाइलवर उघडली आणि बाबांना मराठीत वाचून दाखवली. त्यांनी खुंटीवरचं डफडं काढलं.

“आता कायले, बाबा? मुदत गेली. वरातीमागून घोडं.”

“कागद निंगाला अन् दवंडी नाई झाली, असं या गावात कधी झालं नाई.”

ते पुढं, मी मोबाइल घेऊन मागं. मी हळू सांगायची, ते मोठ्यानं ओरडायचे. लोक दारात येऊन उभे राहिले. मला फार वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता.

मावशीच्या दारात शेवटची ओळ आली. ज्यांची हरकत असेल त्यांनी मुदतीच्या आत अर्ज करावा. ओट्यावर बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या सासूनं विचारलं, “मुदत कवापर्यंत हाय गा?”

बाबांनी नोटिशीतली, कधीच उलटून गेलेली तारीख सांगितली, तितक्याच खणखणीत आवाजात.

म्हातारी सुनेकडं वळली. “मंग उद्याच जाऊन अर्ज देऊन ये.”

मावशीनं बाबांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, “हव.”