रशीदभाईंचा तिसरा रकाना

रशीदभाई गेल्याची बातमी मला एका फ्लेक्सच्या फोटोवरून कळली. मी कुरखेड्याला लेकीकडे होतो. मोबाइलवर चित्र आलं. वर चंद्रपूरच्या एका संस्थेच्या अध्यक्षांचा हात जोडलेला भव्य फोटो, खाली कोपऱ्यात पासपोर्टएवढे रशीदभाई आणि मध्ये ठळक अक्षरांत ‘संगणकमहर्षी हरपले’. क्षणभर वाटलं, अध्यक्षच गेले. दुःख व्हायला त्यामुळे जरा उशीर झाला...

महर्षींचं चामोर्शीच्या बाजारात टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान होतं. टाइपरायटर संपले तेव्हा त्यांनी त्याच टेबलावर एक जुना संगणक मांडला आणि पुस्तकावरून स्वतः शिकत शिकत पोरांना प्रोग्रॅम लिहायला शिकवू लागले. मी शेजारच्या शाळेत गणित शिकवायचो. एका दुपारी ते थेट स्टाफरूममध्ये आले. “सर, उदाहरण सोडवताना फळ्यावर तुमी पयले काय लिहिता?” म्हटलं, “समजा, क्ष बरोबर अमुक.” “आन् इंग्रजीतून शिकवणारे?” “लेट एक्स बी अमुक.” ते समोरच्या खुर्चीत बसलेच. “म्हंजे प्रोग्रॅममधला हा लेट तुमच्या घरचा हाये! दोन वर्सं झाले, मी पोरायले ‘मशीनले असंच लागते’ म्हणून सांगून राह्यलो. शरम वाटते ना यार.”

संगणकाने एखादी किंमत लक्षात ठेवावी असं वाटत असेल, तर तिला आधी नाव द्यावं लागतं. ते नाव जाहीर करताना बऱ्याच संगणकभाषा त्याच्यापुढे आपापला शब्द लावतात; कुठे लेट, कुठे डिम, कुठे व्हार. हे शब्द जगभर लाखो लोक रोज टंकतात आणि ते आले कुठून, असं सहसा कोणी विचारत नाही. रशीदभाईंनी मात्र त्यासाठी एक लांब वही केली. तिच्यात तीन रकाने होते : शब्द, कुठून आला, कोणी सांगितलं. डिम हा फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेतल्या डायमेन्शनचा छाटलेला तुकडा, व्हार हा व्हेरिएबलचा, असं ते जुनी मॅन्युअलं मागवून, एकेक ओळ ताडून लिहीत. तिसरा रकाना भरेपर्यंत दुसऱ्यावर त्यांचा विश्वास नसे. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, “कोनं सांगतलं?” भाजीवालीने वांगी कोवळी आहेत म्हटलं तरी हाच.

फ्लेक्सवरच्या याच अध्यक्षांनी एकदा त्यांना परिसंवादाला बोलावलं होतं. शाल, श्रीफळ, पन्नास मिनिटांचं प्रास्ताविक. या सर्व शब्दांची मुळं आपल्या प्राचीन ग्रंथांत आहेत एवढं एक वाक्य त्यांनी बोलावं, बाकी काय हवं ते बोलावं, अशी विनंती होती. रशीदभाई माइकजवळ गेले. “मले माहीत नाई. वहीतबी निम्म्या शब्दायपुढे जागा रिकामीच हाये,” असं म्हणून खाली बसले. मी इतकं आखूड आणि इतकं विद्वान भाषण दुसरं ऐकलेलं नाही. त्यानंतर संस्थेला त्यांचा पत्ता सापडेना. सापडला तो थेट मयतीच्या दिवशी.

शोकसभेत अध्यक्ष मृतापेक्षा स्वतःबद्दल जास्त बोलले. ते अपेक्षितच होतं. आठवड्याने ते रशीदभाईंच्या घरी आले. मी तिथेच होतो. संस्थेच्या संगणक कक्षाला रशीदभाईंचं नाव देणार होते, दारावर संगमरवरी पाटी लावणार होते. फक्त वही हवी होती, स्मृतिग्रंथ काढायला. “रिकाम्या जागा आमचे प्राध्यापक भरतील, वहिनी. मूळ आपल्याच ग्रंथांत आहे, हे सर्वमान्य आहे.”

वहिनींना, म्हणजे रशीदभाईंच्या पत्नी नजमाबाईंना, ती पाटी हवी होती. नवऱ्याचं नाव आयुष्यभर फक्त दुकानाच्या पत्र्यावर होतं, आणि तो पत्राही आता उतरला होता. ‘संगमरवर’ ऐकताच त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. त्या आत गेल्या, वही घेऊन आल्या. वही आता जाणार, हे दिसत होतं. पण अडवायचा मला काय अधिकार? त्यांनी वही मांडीवर उघडली, रिकामे रकाने बराच वेळ पाहिले आणि मान वर न करता विचारलं, “कोनं सांगतलं?”

अध्यक्षांना वाटलं, पाटीबद्दल विचारताहेत. “मी स्वतः सांगतो ना.”

“मंग राहू द्या,” त्या म्हणाल्या. “भाऊ, चहा तरी घ्या.”

अध्यक्षांनी चहा घेतला आणि ते गेले. संगणक कक्षाला आता त्यांच्या स्वतःच्या वडिलांचं नाव आहे. ते संगणकाशी संबंधित होते का, कोणास ठाऊक.

वही नजमाबाईंनी माझ्याकडे ठेवायला दिली. घरी येऊन पहिल्यांदाच ती सावकाश चाळली. मनात जरा अभिमानच होता. अखेर पहिल्या शब्दाचं मूळ मी सांगितलं होतं. पहिलं पान काढलं. लेट. कुठून आला : गणितातून. आणि तिसऱ्या रकान्यात, शाईने नाही, पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘सर म्हणतात. तपासायचं आहे.’