येतो की

माझी लेक चौदा वर्षं जगली आणि तेवढ्या वर्षांत तिला एकच शब्द बोलता आला. तो शब्द म्हणजे "की".

सोलापूरबाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगते. इथे वाक्याच्या शेवटी "की" लागतोच. बस की. खा की. असू दे की. माझं माहेर पुण्याचं, त्यातून मी शाळेत मराठी शिकवते. लग्न होऊन इथे आले तेव्हा हा "की" मला जेवताना दाताखाली खडा यावा तसा लागायचा. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, मोहोळकडच्या शेतकरी घरातले. चिंचोळीच्या एका कारखान्यात फिटर आहेत. ह्यांचं तर "की"शिवाय वाक्यच संपायचं नाही. शाळेत मुलांच्या निबंधातले "की" मी लाल शाईने खोडायचे आणि घरी ह्यांना टोकायचे. हे हसून म्हणायचे, "बरं की." झालं, पुन्हा तेच!

लेक जन्मली तेव्हा लगेच रडली नाही. त्या वेळात मेंदूला प्राणवायू कमी पडला. ही चालणार नाही, बोलणारही नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. चालली नाही, ते खरं. मान सावरायलाच तिला कितीतरी वर्षं लागली. बोलण्याबाबत मात्र डॉक्टर चुकले.

ती पाचेक वर्षांची असेल. सकाळी हे कामाला निघाले, दारात बूट चढवले आणि नेहमीसारखं म्हणाले, "येतो." आणि मागून, तिच्या चाकाच्या खुर्चीतून, आवाज आला, "कीऽऽ."

नुसतं "येतो" म्हणजे निघालो. "येतो की" म्हणजे येणारच आहे, काळजी कशाला करतेस. बापाने अर्धं ठेवलेलं वाक्य पोरीने पुरं केलं होतं. हे तिथेच पायरीवर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. त्या दिवशी कंपनीची बस चुकली.

मग आमचं सगळं घर वाक्यं अर्धवट सोडायला शिकलं. "अंघोळ करायची..." म्हणून थांबायचं. ती "की" म्हणाली तर करायची. "औषध घ्यायचं..." म्हटल्यावर मात्र मान वळवून गप्प. मग काय समजायचं ते समजा! तोडून म्हटलेला "की" म्हणजे हुकूम. प्रश्नासारखा म्हटला तर तिला कुणाची तरी चौकशी करायची असायची. लांबवलेला, शेवटी वर चढत जाणारा "कीऽऽ" मात्र फक्त दारात उभ्या असलेल्या बापासाठी होता. तो माझ्या वाट्याला कधी आला नाही. मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

शेजारी तेलुगू बोलणारं विणकरांचं घर आहे. त्यांचे माग आमच्या भिंतीला लागूनच. भिंतीवर तळवा टेकवून मागांची धडधड हातात घेत ती तासन् तास बसायची. वीज जाऊन माग थांबले, तर ती भिंतीला हुकूम सोडायची, "की!" पलीकडून शेजारच्या मावशी ओरडायच्या, "लाईट तर येऊ दे की गं, मग लावते!" मग ही खुदखुदून हसायची.

मध्यंतरी तिला बोलायला शिकवण्यासाठी एक तरुण यायचा, बाहेरगावचा. चार दिवस त्याने तिचा "की" ऐकला आणि पाचव्या दिवशी आनंदाने प्लास्टिकच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. किल्लीला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवा, म्हणजे कळेल. "आमच्या छोट्या बाईंना किल्ली हवीय!" म्हणत त्याने जुडगा तिच्या हातात दिला. तिचे हात तिचं कधी ऐकायचे नाहीत, पण त्या दिवशी तो जुडगा थेट त्याच्या चहाच्या कपात जाऊन पडला. त्याला वाटलं, चुकून पडला. मी तिचा चेहरा बघितला होता.

अशा मुलांना लोक देवाचं लेकरू म्हणतात. आमची लेक तसली काही नव्हती, चांगली बेरकी होती. व्यायामाची वेळ झाली रे झाली, डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायची. माझ्या हातून भात खाताना तोंड घट्ट मिटायची आणि बापाने शेंगाची चटणी बोटाला लावून पुढे केली, तर लगेच आ करायची. तिचं सगळं करताना मी दमायचे, चिडायचे, तिच्यावर ओरडायचेही. आणि तिच्याशिवाय मला एक दिवस करमत नसे.

गेल्या थंडीत तिच्या छातीत कफ भरला आणि ती गेली.

भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, "सुटली." सुटली बिचारी, आणि तुम्हीही सुटलात. दहाएक जणांचं ऐकून घेतलं. मग नात्यातल्या एका बाईंना मी विचारलं, "सुटायला ती काय कैदेत होती?" त्या चहा न घेता उठल्या. मला जराही वाईट वाटलं नाही.

लोकांशी भांडता येतं. ह्यांच्या गप्प बसण्याशी कसं भांडायचं? ह्यांनी तिची खुर्ची पुसून माळ्यावर ठेवली आणि नंतर तिचा विषयच काढला नाही. मी चहात पडलेल्या किल्ल्यांची गोष्ट काढली, तर हे उठून बाहेर गेले. सकाळी डबा उचलायचे, बूट घालायचे आणि एक शब्द न बोलता निघायचे. ते "येतो"सुद्धा संपलं. माझ्या मनात नको ते यायला लागलं. ह्यांनाही आतून सुटल्यासारखं वाटत असेल का? तसं असेल तर या घरात तिची आठवण काढणारी मी एकटीच उरले. या विचाराने माझा जीव तुटायचा, पण विचारायची हिंमत होत नव्हती.

परवा सकाळी मी भाकरी फडक्यात बांधत होते आणि हे दारात बूट घालत होते. तेवढ्यात वीज गेली. शेजारचे माग थांबले. आम्ही दोघांनीही एकदमच त्या भिंतीकडे पाहिलं. तिचा तळवा टेकायचा तिथे रंग अजून मळकट आहे.

"येतो," हे म्हणाले.

आणि उभेच राहिले. पायरी उतरेनात. मला आधी कळलंच नाही, मग कळलं. लग्नापासून मी तो शब्द कधी उच्चारला नव्हता.

"की," मी म्हणाले.

ह्यांनी मागे न बघता मान हलवली. "आसं न्हाई गं. तू शाळंत सांगितल्यावानी म्हनलीस. ती लांब वडायची. आन् शेवटाला वर. लई वर."

"तुम्ही तर येतो म्हणायचंच सोडलंत," मी म्हणाले.

"म्हनतो की. रोज म्हनतो. गल्लीच्या कोपऱ्यावर गेल्यावर, मनात." ह्यांनी चौकटीला हात टेकला. "हितं दारात म्हनलं आन् मागनं कुनीच काय बोललं न्हाई, तर मी कामाला कसा जाऊ?"

मी हातातली भाकरी तशीच ठेवली आणि पुन्हा म्हणून पाहिलं. लांब. शेवटी वर.

"व्हय," हे म्हणाले, "जमतंय की." आणि पायरी उतरले.