घुंगरू बांधलेली फटफटी

पहाटे नाशिक सोडले तेव्हा शेजारी म्हणाले, "लग्नाला निघालात की शर्यतीला?" फटफटी ही माझी शान आहे, आणि ते मी कुणापासून लपवत नाही. तळोद्याला भाचीचे, मंजूचे, लग्न होते, मुहूर्त गोरजाचा. तिला वडील नाहीत. अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी मी उभा राहीन, असा शब्द मी तिला दिला होता. ताईने बजावले होते, "एस.टी.ने ये बाबा, त्या यंत्राचा काय भरवसा!" मी मनावर घेतले नाही. मामाकडची पिवळी साडी कॅरियरला करकचून बांधली आणि निघालो.

विसरवाडीच्या अलीकडे एका खड्ड्यात भोंगा निसटला आणि मागच्या ट्रकखाली त्याची पोळी झाली. गेला तर गेला, रस्ता मोकळाच होता. नंदुरबारला कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण हात थांबत नव्हता.

ऊन कलल्यावर तापी आली. काठाने केळीच्या बागा, आणि बागांमधून पाणी उपसणारी इंजिने. पूल होणार असे सगळे म्हणतात. तोवर दोन होड्या जोडून वर फळ्या ठोकलेली नाव हाच रस्ता. नाव पलीकडे होती आणि नावाडी बाभळीखाली आडवा झाला होता.

भोंगा तर गेलेलाच, म्हणून मी हाका मारल्या. वारा उलटा होता. फटफटी चालू करून जोरात गुरगुरवली. नावाड्याने मान वर केली, हात हलवून लांबूनच रामराम घातला आणि पुन्हा आडवा झाला. मुंबईच्या चौकात हवालदाराने फक्त माझ्यासाठी हात आडवा धरावा, तसे झाले. सूर्य खाली येऊ लागला आणि माझा ताठा उतरू लागला. मंजूच्या पाठीशी दुसरेच कुणी उभे राहील, या विचाराने मी काठावर येरझाऱ्या घालू लागलो.

बागेतून एक गुजर बाई बैलजोडी घेऊन पाण्यावर आली. नऊवारी वर खोचलेली, कपाळावर रुपयाएवढे कुंकू.

"काय करी ऱ्हायनात, भाऊ?" (काय करताय?)

"मावशी, तो नावाडी येतच नाही!"

"कसा ई तो? (कसा येईल?) एकट्या मानूससाठे मोठी नाव सोडत नही. घुंगरू वाजनात की समजस, गाडी उनी (बैलगाडी आली). तुम्हनी फटफटी वाजनी तं त्याले वाटस, आमनं इंजिनच चाली ऱ्हायनं!"

खरेच, तिच्या बागेतले इंजिन अगदी माझ्याच गाडीच्या आवाजात फटफटत होते. माझ्या मोलाच्या गाडीत आणि पाणी ओढणाऱ्या त्या इंजिनात नावाड्याच्या कानाला काही फरक नव्हता. मला राग आला आणि हसूही आले.

मावशीने एका बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ सोडली आणि फटफटीच्या दिव्याखाली बांधली. "आते वर जा, आनि गाडीनागत हळूहळू उतरा."

मी चढण चढलो आणि बैलाच्या चालीने उतरू लागलो. खळ्‌खळ्‌ खळ्‌खळ्‌. पलीकडे नावाडी उठला आणि त्याने नाव सोडली!

काठाला लागताच तो इकडेतिकडे बघू लागला. "बैल कोठे शेतंस?" (बैल कुठे आहेत?)

मावशी पदर तोंडाला लावून हसत होती. नावाड्याच्या कपाळाला आठी पडली. तो नाव वळवतो की काय, असे वाटून मी घाईने साडी दाखवली. "भाचीचं लग्न आहे हो! मी मामा!"

त्याची आठी गेली. "मंग आधी सांगानं ना! मामाबिगर लगीन कसं लागी?" त्याने स्वतः खांदा लावून फटफटी वर चढवली.

तळोद्यात शिरलो तेव्हा गुरे परतत होती. घुंगरू सोडायचे भानच नव्हते. मांडवात भटजी घाई करत होते, एक चुलतमामा जागा धरून उभे होते, आणि नवरी हट्टाला पेटली होती: "माझे मामा आल्याशिवाय मी पाटावर चढणार नाही." धुळीने माखलेला मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिने मागे न बघताच माझा हात चाचपला. मंगलाष्टके होईपर्यंत मला समोरचे नीट दिसत नव्हते.

पाठवणीच्या वेळी ती कानाशी म्हणाली, "मामा, ते घुंगरू काढू नका. सासरी आलात की मला आतूनच कळेल, माझं माणूस आलं."

परतताना नदीकाठी मावशीला हे सांगितले आणि माळेची किंमत विचारली. तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे रागाने पाहिले. "पोरनं मांगं, आनि मी पैसा लेऊ?" (पोरीने मागितलं, आणि मी पैसा घेऊ?)

नाशकात आता पोरे मागून ओरडतात, "बैल कुठंय?" ओरडू देत. दिवाळीला मी मंजूला माहेरी आणायला जाणार आहे.