पौर्णिमेला अडकलेला चंद्र

गोविंदअण्णा महेंद्रकरांचं दुकान हुबळीच्या कमरीपेठेत आहे. दुकान म्हणायचं एवढंच. एका शिंप्याच्या ओट्यावर काचेचं कपाट, मागे स्टूल, आणि स्टुलावर अण्णा, उजव्या डोळ्याला भिंग लावून. वय बहात्तर. शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. आता त्यांच्याकडे लोक सेल बदलायला नाहीतर पट्टा घालून घ्यायला येतात. लंबकाची घड्याळं लोकांच्या घरात राहिली कुठे?

आमच्या घरात राहिलंय. धारवाडला, मळमड्डीत. माणसापेक्षा उंच उभं घड्याळ, सासऱ्यांनी रेल्वेच्या जुन्या बंगल्यातल्या सामानाच्या लिलावात घेतलेलं. तबकडीच्या वर अर्धगोल खिडकी आणि तिच्यात रोज थोडा थोडा सरकणारा चंद्र. निळ्या पत्र्यावर रंगवलेला, गालावर लाली असलेला. अमावास्येला तो कडेच्या आड जातो, पौर्णिमेला बरोब्बर मधोमध येतो.

तो चंद्र मार्गशीर्षात मधोमध येऊन अडकला, आणि आमच्या ह्यांचं जेवण सुटलं.

हे रेल्वेत होते, गाड्यांच्या वेळापत्रकाच्या कामावर. जन्मभर वेळ पाळली. तीन वर्षांपासून डोकं साथ देत नाही. नातवाचं नाव विसरतात, आपण कुठल्या गावात राहतो तेही कधीकधी. पण घड्याळ बघायचं विसरले नाहीत, आणि दत्ताची पौर्णिमा विसरले नाहीत. पौर्णिमेला दिवसभर फक्त दूध, आणि संध्याकाळी पुरा वाटोळा चंद्र दिसला की जेवण, असा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. आता सकाळी उठून घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "आज पौर्णिमा. मला दूध दे."

संध्याकाळी गच्चीवर जाऊन उभे राहायचे. पुरा चंद्र रोज यायचा कुठून? कधी अर्धा, कधी नाहीच. "ढग आहेत," म्हणायचे, आणि तसेच झोपायचे.

कॅलेंडर दाखवलं. "छापणारे चुकतात," म्हणाले. चंद्रावर टॉवेल टाकला, त्यांनी काढून घडी करून ठेवला. एकदा दोन माणसं बोलावून घड्याळ शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलं, तर रिकाम्या भिंतीसमोर उभं राहून लहान मुलासारखे रडले. मग मुकाट्यानं परत आणलं. दोन महिन्यांत आठ किलो वजन उतरलं. डॉक्टर मला रागावले. देवासमोर बसून मी एकच मागत होते, दुसरं काही नको, ह्यांच्या पोटात चार घास जाऊ देत.

गोविंदअण्णांचं नाव आमच्या अनितानं, मुलीनं, शोधून काढलं. ते हुबळी-धारवाडच्या चिगरी बसनं आले. खांद्याला शबनम, हातात जेवणाचा डबा. दारातच ह्यांना म्हणाले, "ऊट आतेन्री साहेब?"

जेवण झालं का, असं विचारणं ही आमच्या भागातली नमस्कार म्हणायची रीत. पण आमच्या घरात तेव्हा तो शब्द काट्यासारखा टोचायचा.

"आज पौर्णिमा," हे म्हणाले.

अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शुद्ध दशमी होती. "हो का," एवढंच बोलले आणि पिशवी उघडली.

तबकडी काढून त्यांनी मला चंद्राचं पान मागून दाखवलं. पितळेचं गोल, कडेला एकशे अठरा दाते. दिवसात दोन दाते सरकतात. पानावर चंद्र दोन रंगवलेले, एक मावळला की दुसरा उगवतो. दात्यांतला एक मोडला होता आणि पान धरून ठेवणारी पातळ स्प्रिंग वाकली होती.

"हे आपोआप मोडत नाही, अक्का. घरात कुणी चंद्राला हात लावतं काय?"

"घरात लहान मुलं नाहीत," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. लावत होते हेच. आपल्या पंचांगात कधी एखाद्या तिथीचा क्षय होतो, कधी एकच तिथी दोन दिवस येते. इंग्रजांच्या घड्याळाला ते कुठलं ठाऊक? म्हणून सासरे आणि त्यांच्यामागे हे, कॅलेंडर बघून बोटानं चंद्र पुढं नाहीतर मागं सरकवायचे. रविवारी दुपारी चारला, चावी देताना. इतकी वर्षं काही बिघडलं नाही. मार्गशीर्ष लागल्यापासून मात्र रविवारचा नेम विसरून हे रोज सकाळी पूजा झाली की ओल्या हातानं चंद्र सरकवू लागले. हे सांगितलं तर अण्णा म्हणतील, मग दुरुस्त करून काय उपयोग, आणि पिशवी उचलून जातील, असं मला वाटलं.

अण्णांनी पितळेचा तुकडा बसवून डाख लावला, कानशीनं घासून नवा दाता केला. हात थोडे कापत होते. कापरं थांबेपर्यंत थांबायचे, मग कानस टेकवायचे. संध्याकाळी चंद्र दशमीवर आणून ठेवला. "आता कुणी बोट लावू नका," म्हणाले.

दोन दिवस पूजा झाली की मी घड्याळापाशी पहारा दिला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी घड्याळ बघितलं, एकादशी म्हणाले आणि द्वादशीला सकाळी पोळी खाल्ली. मी गणपतीला नारळ बोलून बसले.

तिसऱ्या सकाळी सात वाजता पूजा आटोपली, मी स्वयंपाकघरात, आणि बाहेरून 'कट' असा आवाज आला. धावत गेले. ह्यांनी चंद्र पुरा दिसेपर्यंत ढकलला होता. बोटाला निळा रंग लागला होता.

"आज पौर्णिमा," हे म्हणाले. "दूध दे."

खरी पौर्णिमा दोन दिवसांनी आली. त्या एका रात्री गच्चीवर पुरा चंद्र दिसला आणि हे पोटभर जेवले. पुन्हा सकाळी तेच.

मी अण्णांना फोन केला आणि रडतरडत सगळं सांगून टाकलं. आधी खोटं बोलले तेही सांगितलं.

"मला ठाऊक होतं, अक्का," अण्णा म्हणाले. "चंद्राच्या गालावरचा रंग बोटाएवढा उडालाय. मला वाटलं, तुम्ही सांगाल."

वद्य तृतीयेला ते सकाळी सहालाच हजर झाले. घड्याळ उघडलं नाही. ह्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि मला विचारत राहिले. साहेब उठतात कितीला? आंघोळ? पूजा किती वेळ चालते? दुपारी झोपतात काय? मला आधी वाटलं, म्हातारा माणूस, गप्पा मारतोय. उत्तरं देता देता मी कणीक मळत होते. ह्यांनी तेवढ्यात दोनदा विचारलं, "तुम्ही कोण?" दोन्ही वेळा अण्णांनी तितक्याच आदरानं सांगितलं, "मी घड्याळवाला, साहेब. कमरीपेठेतला."

"तुम्हाला कंटाळा येत नाही?" मी विचारलं.

"आमच्या राधाला, बायकोला, शेवटची दोन वर्षं रोज माहेरी जायचं असायचं. अळणावरला. माहेरी कोणी उरलं नव्हतं. पहिल्यांदा मी भांडायचो. मग रोज संध्याकाळी पिशवी भरून तिला बसस्टँडवर घेऊन जायचो. तिथं चहा प्यायचो. म्हणायचो, गाडी चुकली गं, उद्या जाऊ. खुशीत परत यायची." ते हसले. "स्टँडवरचा चहावाला म्हणायचा, अण्णा, तुम्हाला एकदा तरी गाडी मिळू दे की!"

मग ते उठले आणि घड्याळ उघडलं. आतलं एक लहान चाक मला दाखवलं. त्या चाकाला एक खुंटी आहे. ती बारा तासांत एकदा चंद्राच्या दात्याला धरते, पुढं ढकलते आणि सोडते.

"हे बघा. ही खुंटी दाता धरते सकाळी सहाला आणि सोडते साडेआठला. त्या वेळात चंद्र हलवला की काहीतरी मोडणारच. आणि साहेब हलवतात सातला. दुपारी चारला हलवायचे तोवर खुंटी मोकळी असायची, म्हणून इतकी वर्षं निभावलं."

"म्हणजे ह्यांना सांगायचं, सात वाजता हात लावू नका?"

"साहेबांना कशाला? घड्याळाला सांगतो की."

दाता पुन्हा बसवून झाल्यावर त्यांनी ते लहान चाक उचललं, दाते मोजून फिरवलं आणि परत बसवलं. आता खुंटी दाता धरते दुपारी एकला आणि सोडते साडेतीनला. तेव्हा हे झोपलेले असतात. रात्रीही तसंच.

"सकाळी ढकलू देत कितीही. पान मोकळं आहे. चारनंतर तुम्ही पंचांग बघून चंद्र जागेवर आणायचा. एवढं काम तुमच्याकडे लागलं, अक्का."

चार वाजता त्यांनी चंद्र तृतीयेवर लावला. तेवढ्यात हे झोपून उठून आले. घड्याळासमोर उभे राहिले.

"पौर्णिमा होऊन गेली की!"

"हो," मी म्हटलं. "तीन दिवस झाले."

"तीन दिवस! आणि तू मला अजून दुधावर ठेवलंयस?"

अण्णा तोंड फिरवून पिशवी आवरायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. मी पदर तोंडाला लावून आत पळाले. जोंधळ्याची गरम भाकरी, मटकीची उसळ, शेंगाचटणी, दही. हे पाटावर बसले, आणि हात ताटाकडे नेता नेता थांबून अण्णांकडे वळले.

"ऊट आतेन्री?"

अण्णांनी आपला डबा माझ्यासमोर दुपारीच खाल्ला होता. "अजून नाही, साहेब," म्हणाले आणि शेजारी मांडी घालून बसले. दोघांनी मिळून पाच भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. माझा लग्नाआधीपासूनचा उपास. सात वाजता हे पूजा करून उठले आणि ओलं बोट घेऊन घड्याळापाशी गेले. मी हातात उलथनं धरून दारात उभी. बोट टेकलं, चंद्र दोन दाते सरकला, 'टक टक' असा बारीक आवाज झाला, आणि काही मोडलं नाही.

"आज पंचमी," हे म्हणाले.

"बरं," मी म्हटलं.

दहा वाजता त्यांना वाढलं. त्यांनी माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. "तुझं ताट?"

"मी नंतर. माझा उपास आहे."

"पंचमीला कसला उपास? संकष्टी काल झाली. विसरलीस, होय ना?" त्यांनी भाकरीचा अर्धा तुकडा मोडून माझ्यासमोर धरला. "तुझं हल्ली काही लक्षात राहत नाही. बैस."

मी बसल्याशिवाय ते घास घेईनात. मी बसले. भाकरी खाल्ली, उसळ खाल्ली, ह्यांनी आग्रहानं वाढलेलं दहीही खाल्लं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा संकष्टी मोडली.

चार वाजता कॅलेंडर बघून चंद्र चतुर्थीवर मागं आणला. मग देवघरात गेले, गणपतीला हात जोडले आणि खरं काय ते सांगितलं.