सभापतीच्या अंगणातली गादी

"तूच फाड. फुटलं त तुह्याच हातात फुटन."

पोलीस ठाण्याचा जमादार माह्या बापाले असं बोलला. भर दुपारी, सभापतीच्या अंगणात, लग्नाच्या मांडवाखाली. बोलला अन् स्वतः पन्नासेक पावलं मागं सरकला. सगळेच सरकले. नवरदेवाकडचे, नवरीकडचे, आचारी, बँडवाले. मधात फक्त माहा अब्बा, त्याच्या हातात आमचाच सुरा, अन् समोर आमीच भरलेली कोरी गादी.

आमी पिंजारी. अब्बा कापूस पिंजायचा, माहा भाऊ मशीन चालवायचा, मी खोळी शिवायची. दिग्रसच्या आसपास कोण्या घरी लेकीचं लग्न ठरलं की आमाले बोलावणं येई. नवरीच्या घरचाच कापूस, नवरीच्याच अंगणात गादी भरायची. सभापतीच्या घरी माह्या आज्यानं गाद्या भरल्या, मग अब्बानं. सभापती म्हणजे पंचायत समितीचा जुना सभापती. पद जाऊन किती वर्सं झाली, लोक अजून तेच म्हणत. त्याच्या बहिणी, आत्या, साऱ्या आमच्या हातच्या गाद्या घेऊन सासरी गेल्या. त्या वर्सायत कापसाले भाव नव्हता, लग्नं आखडली होती, अन् ज्यायच्याकडं पैसा होता ते शहरातून फोमच्या गाद्या आणत. म्हणून सभापतीच्या लेकीच्या लग्नाचं बोलावणं आलं तवा अब्बा लय खुश झाला होता. म्हणे, "सभापती पुरानी माणसं धरून आहे."

गादीच्या चारी कोपऱ्यात कापूस घट्ट बसवा लागते, नाही त महिन्याभरात कान लोंबतात. त्यासाठी पिंजारी कंबरेपर्यंत खोळीत शिरतो अन् मुठीनं कापूस दाबतो. बाहेर फक्त पाय दिसतात. लहानपणी आमी भाऊ-बहीण अब्बाच्या पायाले गुदगुल्या करायचो, तो आतून शिव्या द्यायचा. सभापतीची गादी भरायच्या दिवशी तो असाच आत शिरला अन् बंडीच्या खिशातून त्याची चुना-तंबाखूची डबी घसरली. त्याले कळलं नाही. मी खोळीचं तोंड शिवून टाकलं, मलेही कळलं नाही. घरी येऊन दोन दिवस डबी शोधत होता अन् माह्या आईवर खेकसत होता.

त्याच आठवड्यात दूरच्या एका मोठ्या शहरात बाम्बस्फोट झाला. टीव्हीवर दिवसभर तेच. सडकेवर पडलेल्या चपला, रक्त, रडणाऱ्या बाया. माही आईबी रडली. पण आमच्या घरातलं रडणं बाहेर कोणाले दिसत नाही. इकडे लग्नाच्या दिवशी नवरीची कोणी मावशी रुखवतातल्या गादीवर बसली अन् तिले खालून काहीतरी टणक लागलं. कोणीतरी विचारलं, "भरली कोणं?" झालं. एवढंच पुरलं.

पोलिसाची जीप आमच्या दारी आली. अब्बाले, भावाले अन् मले कोंबून सभापतीच्या अंगणात नेलं.

अब्बा घडीघडी सभापतीकडं पाहे. त्याले वाटे, आता हा बोलन. अरे, बुढा आपला आहे, याच्या बापापासून ओळखतो मी, एवढंच बोलायचं होतं. सभापती ओट्यावर उभा होता. त्यानं कोणाले तरी फोन लावला अन् पाठ फिरवली.

अब्बानं टाके कापले. सुरा बोटाले लागला अन् कापसाले रक्त लागलं. भाऊ पुढं धावला त शिपायानं त्याची कॉलर धरून खाली बसवलं. अब्बा मूठ-मूठ कापूस बाहेर काढत राह्यला. दर मुठीले लोक अजून मागं सरत. अन् मग डबी निघाली. जमादार दुरूनच ओरडला, "खोल." अब्बानं खोलली. चुना अन् तंबाखू.

लोक हसले. पोट धरून हसले. ज्यायच्या घरी आमी पाणी पेलो, तेबी हसले.

मग सभापती ओट्यावरून उतरला. बोलला, "बुढ्या, नजर गेली तुही. आता मुहूर्ताच्या आत भरून दे."

अन् आमी भरून देली. याची लाज मले सगळ्यात जास्त वाटते. रक्ताचा कापूस मी बाजूले काढला अन् खाली मुंडी घालून तीच गादी पुन्हा शिवली.

त्या दिवसापासून गावागावातलं बोलावणं बंद झालं. आमचंच नाही, साऱ्या पिंजाऱ्यायचं. काहून, ते कोणी सांगे ना. अब्बा दिवस-दिवस खाटेवर बसून राहे. भाऊ चोवीस वर्साचा. जेवता-जेवता ताट सरकवे अन् बोटं मोजे. तो हसला, तोबी हसला.

अन् मग एक माणूस आमच्या घरी येऊ लागला. गावोगाव कपडे विकतो, पांढरकवड्याकडून येतो म्हणे. लय गोड बोले. आईले खाला, म्हणजे मावशी, म्हणे. त्यानं भावाले धर्माचं पुस्तक नाही दाखवलं. एकच गोष्ट विचारली, "उस दिन कौन-कौन हँसा था?"

आमाले हे कोणीच विचारलं नव्हतं. शेजाऱ्यानं नाही, मशिदीत नाही, पेपरवाल्यानं नाही. त्यानं विचारलं अन् भाऊ त्याचा झाला. मलेबी पहिल्यांदा तो माणूस चांगला वाटला, खोटं कायले बोलू?

एका दुपारी मी चहा घेऊन गेली अन् त्यायचं बोलणं कानावर पडलं. बाजार, गर्दी, कुठं ठेवायचं. मी विचारलं, "त्या बाजारात कोण असते, मालूम आहे तुमाले?"

भावानं मान खाली घातली. तो माणूस हसला. "बहन, थोडे बेगुनाह तो जाते ही हैं."

मी चहा त्याच्या समोरून उचलला. "निघ. माह्या बापाचा अपमान तुह्या धंद्याचा माल नाही." अन् भावाले बोलली, "अब्बाच्या हातात काही फुटलं नाही. तू फोडशीन त तो जमादार खरा ठरन."

तिसऱ्या दिवशी भाऊ नागपूरले काम भेटलं म्हणून सांगून गेला.

मले समजलं. अन् समजल्यावर मी आंधळी होऊन बसू शकत नव्हती. ठाण्यात जायचं म्हणजे त्याच जमादाराच्या दारात जायचं, अन् सख्खा भाऊ आपल्या तोंडानं त्यायच्या हाती द्यायचा. नाही गेली त कोण्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाया मरतीन, त्यायचे लेकरं मरतीन. आईनं माहे पाय धरले. "भाऊ आहे तुहा." मी म्हटलं, "म्हणूनच जातो." सकाळच्या एसटीनं मी ठाण्यात गेली.

साहेब तरणा होता, नवीन आलेला. मी सारं सांगतलं. अंगणापासून सांगतलं. त्यानं फोनावर फोन लावले. सांजेपर्यंत भाऊ नागपूरच्या स्टेशनावर धरल्या गेला, गाडीत बसायच्या आधी. झोल्यात दोन कपडे अन् दूरचं तिकीट. त्याच्या हातून काहीच घडलं नव्हतं. तो कपडेवाला मात्र सटकला.

मग साहेबानं माहा जबाब वाचून दाखवला. त्यात कपडेवाला होता, चहा होता, बाजार होता, भाऊ होता. अंगण नव्हतं.

"साहेब, गादीचं राह्यलं."

"त्याचा इथं काय संबंध?"

"तिथूनच त सुरू झालं."

जमादार दारातच उभा होता. पहिल्यांदा नरम आवाजात बोलला, "सही कर बाई. तुह्या भावालेच बरं होईन."

मी उभी होती. मले कोणी बस म्हटलं नव्हतं. मीच खुर्ची ओढली अन् बसली. म्हटलं, माह्या भावानं जे मनात आणलं ते हराम आहे, ते पक्कं लिहा. त्याच्यासाठी मी माफी मागून नाही राह्यली. अपमान झाला म्हणून कोणाचे लेकरं मारायचा हक्क भेटत नाही. पण त्याच कागदावर लिहा का एका बुढ्याच्या हातात सुरा कोणं देला. पाठ कोणं फिरवली. कोण-कोण हसलं. नावं मी सांगतो.

साहेबानं पेन पुढं केला. मी हात लावला नाही.

भाऊ तीन वर्सं आत राह्यला. जमानतीवर सुटून आला, पण माह्याशी बोलत नाही. अब्बा मधातच गेला. मले पाहाले आलेले दोन पाव्हणे भावाची गोष्ट ऐकून चहा न पेता उठले. सभापतीले आजपर्यंत कोणी एक सवाल विचारला नाही. केस अजून सुरू आहे, अन् भावाचा वकील दर तारखेले तोच कागद माह्यासमोर ठेवतो. म्हणतो, बाई, सही केली त कपडेवाल्यानं फितवलं हे पक्कं होईन, भाऊ लवकर मोकळा होईन.

भावाले मीच पकडून देलं. उद्या पुन्हा अशी वेळ आली त पुन्हा देईन. पण अर्ध्या जबाबावर माही सही भेटणार नाही.