तव्यावरची कॅप्सूल

महागावात माझं कृषी केंद्र आहे, आणि या धंद्याने मला एकच गोष्ट पक्की शिकवली: फुकट देणाऱ्याचा हात आधी नीट बघायचा. कंपनीची पोरं येतात, गोड बोलतात, कोणाच्या तरी सोयाबीनमध्ये चाचणीचा प्लॉट टाकतात, पाटी रोवतात, फोटो काढतात. पीक साधलं तर औषधाचा गुण, बुडालं तर शेतकऱ्याचं नशीब. त्यामुळे यवतमाळच्या दवाखान्यात एक शास्त्रज्ञ बाई माझ्या बायकोला म्हणाल्या की नव्या औषधाच्या चाचणीत या, औषध आमचं, तपासण्या आमच्या, तेव्हा माझ्या कपाळावर आठी पडली ती पडलीच.

बायकोचा आजारच चमत्कारिक. थंड पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक पडायची, मग निळी. पुढे हाताची कातडी ताठ होत गेली, मूठ मिटेना, लाटणं हातात ठरेना. मलमं झाली, तेलं झाली. शेवटी तालुक्यातल्या एका तरुण डॉक्टरने रक्ताची वेगळीच तपासणी लिहून दिली आणि उलगडा झाला. शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटली होती. कुंपणानेच शेत खायला घेतलं होतं. कातडी घट्ट होत होती तसंच आत फुप्फुसही घट्ट होत जाणार होतं, आणि त्याची नुकती सुरुवात झाली होती.

बाईंनी सारं आयुष्य याच आजाराच्या संशोधनात काढलेलं. मी सरळच विचारलं की एवढ्या वर्षांच्या अभ्यासातून निघालं काय. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पूर्वी अशा बाया आमच्याकडे यायच्या तेव्हा श्वास संपत आलेला असायचा. आता रक्तातली खूण आधी सापडते, आणि ती कशी शोधायची हे आम्ही गावोगावच्या डॉक्टरांना शिकवतो. आमचा तो तरुण डॉक्टर त्यांच्याच शिबिरात शिकलेला निघाला. बायको हात जोडायला गेली, पण तळवे नीट जुळले नाहीत. मला मात्र नवाच संशय आला. म्हणजे रोगी हेरून पाठवणारा माणूसही यांचाच!

मग त्यांनी चाचणी समजावून सांगितली. जुनं औषध सगळ्यांनाच मिळणार. नवी कॅप्सूल निम्म्यांना, उरलेल्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कोणती, ते रोग्याला कळणार नाही आणि बाईंनाही नाही. अर्धं मला चटकन पटलं. आम्हीसुद्धा एक पट्टा बिनफवारणीचा सोडतो, नाहीतर फवारा लागू पडला हे कळणार कसं? पण कोणता पट्टा कोरा ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चाचणी घेणाऱ्यालाच माहीत नाही, हे काही माझ्या गळी उतरेना. बायकोने सही केली. मी शेजारी धुमसत बसलो.

खतात भेसळ असली तर आम्ही दाणे तव्यावर टाकतो. अस्सल डीएपी फुगतं, नकली तसंच पडून राहतं. एका दुपारी बायको शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मी गॅस पेटवला, तवा ठेवला आणि तिच्या डबीतली एक कॅप्सूल फोडून आतली पूड त्यावर ओतली. पूड तपकिरी झाली आणि जळक्या साखरेचा वास सुटला. झालं. माझ्या बायकोला कोऱ्या पट्ट्यात उभं केलं होतं.

तवा घासून ठेवला आणि त्यानंतर मी तिचा श्वास ऐकत राहिलो. कपडे वाळत घालताना, देवळाच्या पायऱ्या चढताना. तिला जरा दम लागला की मला धडकी भरायची आणि त्या बाईंचा राग यायचा. तिला काही बोललो नाही. पुढच्या भेटीत बाईंनाच तोंडावर विचारायचं ठरवलं.

त्या भेटीत नर्सने उरलेल्या कॅप्सूल मोजल्या. एक कमी भरली. एखाद्या दिवशी चुकून दोन घेतल्या का, तिने विचारलं. बायको नाही म्हणाली. तिने पुन्हा विचारलं. आजाराने बायकोचा चेहरा असा ताणला आहे की त्यावर फारसं काही उमटत नाही, पण तिचे डोळे माझ्याकडे वळले.

"एक म्या जाळली," मी म्हणालो, आणि लगेच बाईंवर घसरलो. "साखरेचा वास आला तव्यावर. बिमार बाईले साखर काहून देऊन राह्यले तुमी?"

बाईंचा आवाज चढला नाही. खऱ्या कॅप्सूलमध्येही बहुतेक भर तसल्याच पुडीची असते, औषध कणभर, तव्यावर दोन्ही सारख्याच जळतात, असं त्यांनी सांगितलं. मग त्या बायकोकडे वळल्या. चाचणी केव्हाही सोडता येते, जुनं औषध चालूच राहील, तुमची काय इच्छा आहे? सोडून देऊ, मी म्हणालो. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

"मी नाही सोडत," बायको म्हणाली. मग मला म्हणाली, "तुमी साखर जाळली का माहा श्वास जाळला, हे आता म्या कोणाले इचारू?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्या बाईंवर माझा पहिल्यांदाच पूर्ण विश्वास बसला, आणि त्या खोटं बोलत असत्या, मी जाळली ती नुसती साखरच असती, तर किती बरं झालं असतं, असं वाटलं.