संध्याकाळचं माप

पाठीच्या ऑपरेशननंतर दीड वर्षानं मी टायटॅनियमची सायकल करून घ्यायचं ठरवलं. दुकानातल्या तयार सायकलीवर दहा मिनिटांत कंबर धरायची. डॉक्टर म्हणाले, बसायची ढब जमली तर चालवा, नाहीतर नाद सोडा. तिशीत मी दर रविवारी शनिवार पेठेतून खडकवासल्याला जाऊन नाश्त्याच्या आत घरी यायचो, आणि हे अजूनही लोकांना न विचारता सांगतो. असा माणूस नाद कसला सोडतोय!

फ्रेम करणारे गृहस्थ नऱ्ह्याचे. घरची शेती इमारतींखाली गेलेली, उमेदीची वर्षं कारखान्यात रसायनांच्या टाक्या जोडण्यात गेलेली. आता पत्र्याच्या शेडमध्ये एकटेच सायकलींच्या फ्रेम जोडतात. मी माझ्या जुन्या सायकलीच्या मापांचा कागद पुढे केला. म्हटलं, हेच करा, फक्त धातू बदला. त्यांनी कागदाची घडी घालून तो मला परत दिला.

"सायकलीचं न्हाई, तुमचं माप घ्यायचं हाय," ते म्हणाले.

रविवारी सकाळी बोलावलं. निघण्याआधी मी वेदनाशामक गोळी घेतली. चष्म्याचा नंबर काढायला जाताना तक्त्यावरची अक्षरं पाठ करून जावं, तसला हा शहाणपणा. शेडमध्ये अनवाणी उभा राहून वाकलो, तर बोटं थेट घोट्यापर्यंत. मी ऐटीत त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आकडा लिहून घेतला.

"आता मंगळवारी या. हापिसातनं थेट."

"कशाला? झालं की माप."

"मी दोनदा घेतो. लोखंडाची फ्रेम चुकली तर थोडीफार वळवता येती. ही एकदा जोडली की जोडली. मग तुमालाच वळावं लागंल."

मंगळवारी खराडीच्या ऑफिसातून नऱ्ह्याला पोचायला दोन तास लागले. गोळ्या घरीच राहिल्या होत्या. वाकलो, तर बोटं गुडघ्यांशी थांबली. हट्टानं जोर लावला तशी कळ आली आणि मी ओरडलो. त्यांनी टेप खाली टाकली, मला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं आणि चहा मागवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा संपल्यावर सांगून टाकलं, "रविवारी गोळी घेऊन आलो होतो."

"व्हय. बरेच जण घेत्यात," ते म्हणाले, आणि कागद ओढून चित्रं काढायला बसले.

चित्रं दोन निघाली. सकाळच्या मापाची सायकल पुढे झुकलेली, ऐटबाज, माझ्या तिशीतली. संध्याकाळच्या मापाची पुढून उंच, हँडल जवळ, पेपर टाकणाऱ्याची वाटावी अशी. जी करायची तिच्याखाली सही करा, म्हणाले. मला रडू आलं. पन्नाशी उलटल्याचं मी सगळ्यांना हसत हसत सांगायचो, पण ते मला स्वतःला कधी पटलेलंच नव्हतं. उंच सायकलीखाली सही केली आणि घरी पोचेपर्यंत त्या माणसाचा राग राग करत राहिलो.

तीन महिन्यांनी सायकल तयार झाली. मी येत्या रविवारी खडकवासल्याला जाणार, हे सायकल घेऊन निघताना त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी फक्त मान हलवली.

त्या रविवारी वाटेत तरुणांची एक टोळी मला मागे टाकून गेली. त्यातल्या एकानं "मस्त, अंकल!" म्हणून अंगठा दाखवला. त्याला द्यायचं उत्तर मी गिळलं, कारण दम पुरवायचा होता. धरणापाशी उतरलो, कमरेवर हात ठेवला आणि कळ येण्याची वाट पाहिली. आली नाही. मग फोन लावला.

"अहो, पोचलो!"

"पाठ?"

"ठीक आहे."

"निम्मंच झालंय, साहेब," ते म्हणाले. "घरी पोचला की सांगा. सकाळधरनं शेडमध्येच बसलोय मी."